टॉरेंट पहिल्यांदाच वापरताय? तर मग आधी हे वाचा

गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या शाळांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून देतो आणि त्या निमित्ताने टॉरेंटबद्दल तेच तेच प्रश्न मला शिक्षक, पालक, कॉलेजची पोरं सगळेच विचारतात. दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतोय.

टॉरेंट म्हणजे पायरसीच ना?

नाही, आणि हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. टॉरेंट ही फाइल पोचवायची पद्धत आहे, फाइल कुठली ते तुम्ही ठरवता. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट हे लिनक्सचे वेगवेगळे प्रकार आपापल्या साइटवर अधिकृत टॉरेंट देतात, एमएस ऑफिससारखं फुकट लिब्रेऑफिस देतं, ऑफलाइन विकिपीडियावालं किविक्स देतं, इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयाने तर २०१२ पासून लाखो फाइल्सना टॉरेंट लावून ठेवलेत. आता चोरीचे पिक्चर पण याच रस्त्याने फिरतात हे खरंय, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय, ते नक्की वाचा.

पण हे चालतं कसं? साध्या डाउनलोडपेक्षा वेगळं काय?

साध्या डाउनलोडमध्ये एक सर्व्हर असतो आणि सगळे त्याच्याकडेच मागतात. गर्दी झाली की तो दमतो, तो बंद पडला की सगळ्यांचंच बंद.

टॉरेंट म्हणजे सावड. गावाकडचे लोक ओळखतील हा शब्द, आज तुझ्या शेतात मी येतो उद्या माझ्या शेतात तू ये, पैसे कोणी कोणाला देत नाही पण काम सगळ्यांचं होतं. इथेही तसंच, फाइलचे तुकडे केलेले असतात, समजा प्रत्येकी १ एमबीचे, तुमच्याकडे ५ नंबरचा तुकडा आलाय माझ्याकडे ९ नंबरचा, तर तुम्ही मला ५ द्या मी तुम्हाला ९ देतो. म्हणजे तुमची फाइल अर्धीच उतरलेली असते तेव्हाही तुम्ही दुसऱ्याला देत असता. म्हणूनच जितके जास्त लोक मागायला येतात तितके देणारेही वाढतात, साध्या सर्व्हरच्या बरोबर उलटं.

आणि यात सावडीसारखा हिशोबही आहे. जो तुम्हाला तुकडे देतोय त्यालाच तुमचा प्रोग्राम आधी देतो. मग नवा माणूस आला, ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही, त्याचं काय? त्याच्यासाठी दर साधारण ३० सेकंदांनी हिशोब न बघता कोणा एकाला संधी दिली जाते, त्यातून त्याला पहिला तुकडा मिळतो आणि तोही सावडीत येतो. शिवाय जो तुकडा सगळ्यात कमी लोकांकडे आहे तो आधी उचलायचा असा नियम आहे, म्हणजे दुर्मिळ तुकडा हरवत नाही. हे सगळं ब्रॅम कोहेन नावाच्या प्रोग्रामरने डोकं लावून बसवलं आणि जुलै २००१ मध्ये बिटटॉरेंट लोकांसमोर आणलं. त्याच महिन्यात गाणी एकमेकांना द्यायचं नॅप्स्टर कोर्टामुळे बंद पडलं होतं, कारण नॅप्स्टरची गाणी लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर असली तरी यादी मात्र एकाच कंपनीच्या सर्व्हरवर होती, तो सर्व्हर बंद केला की खेळ खलास.

सीडर, पीअर, लीचर, ट्रॅकर... हे काय आहे सगळं?

पीअर म्हणजे सावडीतला कोणीही. सीडर म्हणजे ज्याच्याकडे पूर्ण फाइल आहे आणि जो आता फक्त देतोय. लीचर म्हणजे ज्याची अजून पूर्ण व्हायचीय, शब्द वाईट वाटतो पण सुरुवातीला आपण सगळेच लीचर. ट्रॅकर म्हणजे फक्त पत्ते सांगणारा, ही फाइल कोणाकोणाकडे आहे एवढंच तो सांगतो, फाइल त्याच्याकडे नसते. आणि डीएचटी म्हणजे ट्रॅकर नसला तरी पीअरनीच एकमेकांना विचारत विचारत पत्ते काढायची सोय.

टॉरेंट फाइल आणि मॅग्नेट लिंक यात काय फरक?

टॉरेंट फाइल अगदी छोटी असते, काही केबीची, तिच्यात मूळ फाइलचं नाव, साइज, तुकडे किती आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश म्हणजे अंगठ्याचा ठसा समजा, एवढंच असतं. मॅग्नेट लिंकमध्ये तेही नसतं, नुसता पूर्ण टॉरेंटचा एक हॅश, बहुतेक वेळा ४० अक्षरांचा, त्यावरून बाकीची माहिती पीअरकडूनच येते. म्हणून मॅग्नेट लावल्यावर सुरुवातीला थोडा वेळ नुसतं मेटाडेटा (म्हणजे हीच बाकीची माहिती) शोधतोय असं दिसतं, घाबरू नका, थांबा.

कुठला प्रोग्राम घेऊ?

विंडोजवर क्यूबिटटॉरेंट. फुकट, ओपन सोर्स, जाहिराती नाहीत. मॅक किंवा लिनक्सवर ट्रान्समिशन पण छान आहे, अगदी साधं. अँड्रॉइडवर लिब्रेटॉरेंट, एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲपच्या स्टोअरवर मिळतं. आयफोनवर सरळ सोपा रस्ता नाही, कॉम्प्युटरवरच करा.

एकच काळजी घ्या, प्रोग्राम त्याच्या स्वतःच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. सर्चमध्ये वर जाहिरात म्हणून जे येतं त्यावर क्लिक करू नका, हुबेहूब दिसणाऱ्या साइट असतात.

पहिलं टॉरेंट कुठलं लावू? स्टेप बाय स्टेप सांगा ना

माझा सल्ला, लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, म्हणजे जुन्या मशीनवरही चालणारी हलकी आवृत्ती. साधारण तीन जीबीच्या आसपास असते, सीडर भरपूर असतात त्यामुळे पहिला अनुभव चांगला येतो, आणि फाइल खरंच उपयोगाची आहे, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरोघरी असे कॉम्प्युटर पडून आहेत जे विंडोज ११ घेत नाहीत पण मिंटवर मस्त चालतात.

मिंटच्या साइटवर डाउनलोडमध्ये जा, तिथे टॉरेंटची लिंक असते ती घ्या. छोटी फाइल येईल, डबल क्लिक करा, क्यूबिटटॉरेंट उघडेल आणि एक खिडकी येईल. इथे घाईघाईत ओके करू नका, दोन गोष्टी बघा, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये जाणार आणि त्या ड्राइव्हवर जागा आहे का. पेनड्राइव्हवर सरळ उतरवत असाल तर तो एफएटी३२ फॉरमॅटचा नाही ना ते बघा, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही.

मग ओके. पहिली मिनिटभर स्पीड शून्याच्या आसपास असतो, लोकांना वाटतं बिघडलं. तसं नाही, तो अजून लोक शोधतोय. खाली पीअर्सचा टॅब उघडून बघा, एकेक ओळ येत जाते, बाजूला छोटा झेंडा असतो देशाचा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा जर्मनी, ब्राझील, जपान आणि एक तिरंगा, अशा चौघांकडून माझ्या फाइलचे तुकडे येत होते आणि यातल्या कोणाला मी ओळखत नव्हतो, तेव्हा जे वाटलं होतं ते अजून लक्षात आहे. आपल्यासाठी कोणीतरी रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवलाय.

पूर्ण झालेली फाइल बरोबर आहे हे कसं कळणार?

तुकडे बरोबर आहेत हे प्रोग्राम स्वतःच तपासतो, चुकीचा तुकडा आला तर फेकून परत मागतो. पण हे लक्षात घ्या, याचा अर्थ एवढाच की टॉरेंट बनवणाऱ्याने जी फाइल ठेवली तीच तुमच्याकडे आली. त्यानेच आत व्हायरस ठेवला असेल तर तोही अगदी अचूक, एक अक्षर न चुकता येईल. म्हणून टॉरेंट कुठून घेतलं हे सगळ्यात महत्त्वाचं. मिंटसारख्या प्रोजेक्टच्या साइटवर वेगळी हॅशची यादी दिलेली असते, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश कमांड देऊन तुमच्या फाइलचा एसएचए२५६ (हा हॅशचाच एक प्रकार) काढा आणि दोन्ही ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, मी प्रत्येक वेळी करतो.

व्हायरस येतो का टॉरेंटमधून?

टॉरेंटमुळे नाही, फाइलमुळे येतो. अनोळखी ठिकाणाहून घेतलेल्या टॉरेंटमध्ये व्हिडिओ म्हणून ईएक्सई फाइल (म्हणजे विंडोजवर चालणारा प्रोग्राम) असणं, पीडीएफच्या नावापुढे गुपचूप ईएक्सई जोडलेलं असणं, पासवर्ड असलेली झिप आणि पासवर्डसाठी अमुक साइटवर जा, हे नेहमीचे प्रकार. विंडोजमध्ये फाइल एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचं .pdf, .exe वगैरे) दिसण्याचं सेटिंग चालू करा, ते डिफॉल्ट बंद असतं, निम्मे लोक तिथेच फसतात.

लाइट गेली तर परत पहिल्यापासून?

नाही! माझ्यासाठी तर टॉरेंटचं सगळ्यात मोठं सुख हेच आहे. पूर्वी ब्राउझरमधून मोठी फाइल घ्यायचो, ९२ टक्क्यांवर लाइट जायची आणि परत शून्यापासून, एकदा तर सलग तीन रात्री असं झालं. टॉरेंटमध्ये आलेले तुकडे डिस्कवर असतात, लाइट आली की प्रोग्राम उघडा, फार तर तो आधीचे तुकडे एकदा तपासून घेतो आणि जिथे होता तिथून पुढे जातो. अगदी आठवड्याने उघडला तरी चालतं.

माझा प्लॅन ४० एमबीपीएसचा आहे, पण स्पीड ५ च्या वर जात नाही

मग बरोबर आहे. नेटवाले मेगाबिट सांगतात, प्रोग्राम मेगाबाइट दाखवतो, ८ ने भागायचं. ४० भागिले ८ म्हणजे ५. तुम्हाला पूर्ण स्पीड मिळतोय.

स्पीड खरंच कमी आहे, किंवा ९९ टक्क्यांवर येऊन अडकलंय

आधी सीडर किती ते बघा. सीडर शून्य असतील तर तुमच्या नेटचा काही दोष नाही, पूर्ण फाइल कोणाकडेच नाहीये. क्यूबिटटॉरेंटमध्ये अव्हेलेबिलिटी म्हणून एक आकडा असतो, तो १ च्या खाली असेल, म्हणजे समजा ०.९७, तर सगळ्यांचे तुकडे एकत्र केले तरी फाइल पुरी होत नाही, शंभरातले तीन तुकडे कोणाकडेच नाहीत. अशा वेळी सगळे जण त्याच ९७ टक्क्यांवर बसून एखादा सीडर परत येण्याची वाट बघत असतात. मी एका जुन्या लिनक्स आवृत्तीसाठी अकरा दिवस थांबलो होतो, मग एका सकाळी कोणीतरी आलं आणि चार मिनिटांत आमचं सगळ्यांचं पूर्ण झालं.

सीडर भरपूर असून स्पीड नाही, तर अपलोड लिमिट तपासा. अपलोड मोकाट सोडला की तुमची लाइन बाहेर जाणाऱ्या डेटाने तुंबते आणि डाउनलोडची पोचपावतीसुद्धा वेळेवर बाहेर जात नाही, मग डाउनलोड मंदावतो आणि घरात बाकीच्यांचा व्हिडिओ कॉलही अडकतो. एकूण अपलोडच्या ७०-८० टक्क्यांवर लिमिट लावा. पण शून्य किंवा अगदी नावापुरती लावू नका, सावडीत जो देत नाही त्याला मिळतही नाही.

तिसरं कारण पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांना तुमच्या प्रोग्रामपर्यंत यायचं दार. राउटरमध्ये यूपीएनपी नावाचं सेटिंग चालू असेल तर प्रोग्राम स्वतः पोर्ट उघडून घेतो. पण बऱ्याच नेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरमध्ये तुमचा वॅनचा आयपी (नेटच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यातल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही त्यातलेच, मग पोर्ट उघडून उपयोग नाही. तरी टॉरेंट चालतं, फक्त बाहेरून कोणी तुमच्याकडे येऊ शकत नाही, तुम्हालाच जावं लागतं. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर हा त्रास बऱ्यापैकी कमी होतो.

मोबाइल डेटावर करू का?

वायफाय असेल तर नको. रोजचा दीड-दोन जीबीचा प्लॅन असतो आणि अपलोडही त्यातूनच कापला जातो हे लोक विसरतात. लिब्रेटॉरेंटमध्ये फक्त वायफायवर आणि फक्त चार्जिंगला असतानाच चालायचं सेटिंग आहे, दोन्ही चालू करा.

पिक्चर, वेबसिरीज, क्रॅक केलेली सॉफ्टवेअर? सगळेच करतात की

मी करत नाही आणि तुम्हीही करू नका, आणि हे सांगायचं म्हणून सांगत नाहीये. एक तर वर सांगितलं तसं, टॉरेंटमध्ये तुम्ही नुसतं घेत नाही, घेता घेता वाटतही असता. म्हणजे मी फक्त बघायला घेतला हे म्हणायला जागाच राहत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. थिएटरमध्ये चोरून शूटिंग करणाऱ्यांसाठी तर सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये वेगळी दुरुस्ती झालीय. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मराठी पिक्चरवाल्यांचं गणित पहिल्या आठवड्याच्या तिकिटांवर असतं, त्या आठवड्यात फाइल फिरली की ज्याने घर गहाण ठेवून पिक्चर काढला त्याचं काय होत असेल विचार करा.

मग जुनी मराठी पुस्तकं घेतली तर?

हा चांगला प्रश्न आहे. भारतात लेखक गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, ते वर्ष संपल्यापासून मोजायचं. म्हणजे केशवसुत १९०५ ला गेले, गडकरी १९१९ ला, साने गुरुजी १९५० ला, यांचं त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन सगळ्यांचं झालेलं आहे, बिनधास्त घ्या, बिनधास्त वाटा. पण नव्या आवृत्तीतली प्रस्तावना किंवा नव्याने केलेलं भाषांतर ज्याचं त्याचं असतं. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांचं स्कॅन खूप आहे, पण तिथे कोणीही काहीही चढवू शकतं, तेव्हा लेखक कधी गेला ते स्वतः बघा. आर्काइव्हच्या टॉरेंटचा एक फायदा म्हणजे सीडर कोणी नसला तरी त्यांचा सर्व्हरच तुकडे देतो, अडकत नाही.

माझा आयपी सगळ्यांना दिसतो का? व्हीपीएन लावू का?

हो, दिसतो, पीअर्सच्या टॅबमध्ये तुम्हाला त्यांचा दिसतो तसाच त्यांना तुमचा. व्हीपीएन म्हणजे तुमचा सगळा डेटा दुसऱ्याच्या सर्व्हरमधून फिरवून तुमचा पत्ता लपवायची सोय, लिनक्स किंवा विकिपीडिया घ्यायला ती लागत नाही. आणि फुकटचा व्हीपीएन तर अजिबात नको, तुमचा सगळा डेटा एका अनोळखी माणसाच्या हातात देण्यासारखं आहे ते.

माझी स्वतःची फाइल पाठवायचीय, लग्नाचं शूटिंग, बहीण परदेशात आहे

माझंच झालं हे. धाकट्या भावाच्या लग्नाचं शूटिंग, मूळ फुटेज ११८ जीबी. व्हॉट्सॲपला एका फाइलला २ जीबीची मर्यादा, गूगल ड्राइव्हला फुकट १५ जीबी. मी क्यूबिटटॉरेंटच्या टूल्समधून टॉरेंट क्रिएटर उघडला, फोल्डर दाखवला, टॉरेंट फाइल बनवली आणि बहिणीला मेल केली. माझा कॉम्प्युटर चार दिवस चालू ठेवला आणि तिकडे सगळं पोचलं.

पण आज मी तसं करणार नाही, आणि तुम्हीही करू नका. कारण टॉरेंट म्हणजे गुपित नव्हे. डीएचटीवर नुसते हॅश गोळा करत फिरणारे प्रोग्राम असतात, त्यांना तुमचा हॅश सापडला की फाइल कोणीही उतरवू शकतं. घरच्या बायकापोरांचे व्हिडिओ असे उघड्यावर ठेवू नयेत. टॉरेंटच करायचं असेल तर आधी सेव्हन-झिपने चांगला लांब पासवर्ड लावून पॅक करा आणि पासवर्ड फोनवर सांगा, मेलवर नको.

त्यापेक्षा सिंकथिंग नावाचा प्रोग्राम वापरा. हेही पीअर-टू-पीअरच, पण फक्त तुमच्या ओळखीच्या मशीनमध्ये, आणि सगळं एन्क्रिप्ट होऊन जातं. प्रत्येक मशीनला एक लांबलचक आयडी असतो, सात-सात अक्षरांचे आठ गट. तुम्ही तिचा टाकायचा, तिने तुमचा टाकायचा, दोघांनी हो म्हटल्याशिवाय एक बाइटही हलत नाही. एकदा जोडलं की फोल्डरमध्ये फोटो टाकला की तिकडे आपोआप. आई आता बारशाचे फोटो असेच पाठवते, तिला फक्त एवढंच माहितीये की या फोल्डरमध्ये टाकलं की ताईला दिसतं.

एकाच घरात, फोनवरून लॅपटॉपवर पाठवायला?

लोकलसेंड नावाचं ॲप. दोन्हीवर टाका, एकाच वायफायवर या, झालं. शेअरइट आणि झेंडरवर जून २०२० मध्येच बंदी आली, त्यांच्या नावाने फिरणाऱ्या एपीके (अँड्रॉइड ॲपच्या) फाइल टाकून घेऊ नका.

शाळेच्या लॅबमध्ये याचा काही उपयोग?

खूप, आणि हे कोणी करतच नाही म्हणून सविस्तर सांगतो. एका शाळेत १४ मशीन होती, प्रत्येकावर किविक्सचा मराठी विकिपीडिया आणि बाईंनी स्वतः बनवलेले विज्ञानाचे व्हिडिओ असा मिळून ११ जीबीचा फोल्डर टाकायचा होता. पेनड्राइव्ह घेऊन मशीनमागे मशीन फिरलो असतो तर अख्खी दुपार गेली असती. त्याऐवजी एका मशीनवर त्या फोल्डरचं टॉरेंट बनवलं, ती छोटीशी टॉरेंट फाइल पेनड्राइव्हने बाकीच्या १३ वर टाकली, आणि सेटिंगमध्ये लोकल पीअर डिस्कव्हरी चालू आहे ना ते बघितलं. यात नेट लागतच नाही, एका स्विचवर जोडलेली मशीन एकमेकांना आपोआप शोधतात. पहिल्या मशीनने प्रत्येकाला वेगवेगळे तुकडे दिले आणि मग ती आपापसात वाटत सुटली, साधा १०० एमबीपीएसचा स्विच, अर्ध्या तासाच्या आत सगळीकडे झालं. सातवीची पोरं प्रत्येक स्क्रीनवरच्या टक्क्यांकडे बघत उभी होती, कोणाचं मशीन पहिलं येतं म्हणून. विंडोजचा फायरवॉल विचारेल तेव्हा प्रायव्हेट नेटवर्कला परवानगी द्या, नाहीतर मशीन एकमेकांना दिसत नाहीत, आमचा पहिला पाऊण तास त्यातच गेला.

डाउनलोड झालं, आता काढून टाकू?

लगेच नको. रेशो म्हणून एक आकडा दिसतो, जितकं घेतलं तितकं दिलं की तो १ होतो. निदान १ होईपर्यंत राहू द्या, फायबर असेल तर २ करा, रात्री स्पीड लिमिट लावून ठेवलं की घरात कोणाला कळतही नाही. विशेषतः ज्या टॉरेंटला दोन-तीनच सीडर आहेत ते सोडू नका, तुम्ही गेलात की मागचे सगळे ०.९७ वर अडकतात, आणि ते अकरा दिवस काय असतात ते मला माहितीये.

काढून टाकलं तर उतरवलेली फाइल पण जाते का?

काढताना एक चौकट येते, फाइल्सही डिलीट करायच्या का म्हणून. तिथे टिक केली तर जाते, नाही केली तर नुसतं यादीतून जातं आणि फाइल फोल्डरमध्ये तशीच राहते. एक मात्र, फाइलचं नाव किंवा जागा परस्पर एक्सप्लोररमधून बदलू नका, मग प्रोग्रामला ती सापडत नाही आणि सीडिंग थांबतं. हलवायची असेल तर टॉरेंटवर राइट क्लिक करून सेट लोकेशनने हलवा.